उसाच्या वाटेवरची शिट्टी

वन्सं,

आज सकाळीही उसाच्या वाटेवर शिट्टी वाजली नाही. वाजणार नाही हे मला ठाऊक आहे, कारण ती माझ्याच कमरेच्या पिशवीत आहे. तरी चहाचं पाणी ठेवताना हात थांबतो आणि कान नदीकडे जातो. इतकी वर्षं तसंच चाललं. तुम्ही आणि तुमच्या शाळेच्या पोरी अंधुक उजेडात नदीकडच्या रानात चेंडू खेळायला निघायचात, दोन्ही बाजूंना डोक्यावर गेलेला ऊस, आणि मधल्या पायवाटेवरून तुमची शिट्टी पुढे पुढे सरकत जायची. ऐकू आली म्हणजे सगळ्या धड आहेत. ऐकू आली नाही की मी चहा सोडून दारात. तुम्ही हसायचात. म्हणायचात, "वैनी, तुझा चहा माझ्या शिट्टीवर उकळतो."

आता दुपार आहे. पाहुणे जेवून पांगलेत. तुमचे भाऊ ओट्यावर पडलेत, झोपलेले नाहीत, नुसते डोळे मिटून आहेत. मी आतल्या खोलीत बसून हे लिहिते आहे. चौथीची शाळा सुटल्यावर मी पानभर कधी लिहिलं नाही, आणि बोलणंही माझं कमीच. आपण दोघी बसलो की दोघींचं तुम्हीच बोलायचात. पण आज संध्याकाळी स्टँडवरच्या दत्ताभावजींच्या बूथवर सुवर्णाचा फोन यायचा आहे. पोरीला काय सांगू, हे विचारायला तुम्ही नाही. म्हणून लिहायला बसले.

तिला माहीत नाही, वन्सं. तुम्ही गेलात हे तुमच्या भाचीला, सुवर्णाला, माहीत नाही.

हे कसं झालं ते सांगते, नाहीतर रागवाल. त्या दिवशी तुम्ही रानातून आलात, ओट्यावर टेकलात, छाती जड वाटते म्हणालात. मी पाणी घेऊन बाहेर येईपर्यंत तुमची मान भिंतीला लागली होती. डॉक्टर आले, तुमचा हात धरून बसले आणि खाली बघत राहिले. मग सगळे म्हणाले, आधी पोरीला कळवा. ती देशाच्या फुटबॉल टीमच्या कॅम्पात, पार दुसऱ्या राज्यात, मॅच तोंडावर आलेली. दत्ताभावजी बूथ उघडायला पळाले.

आता आपल्याकडे माणूस गेलं असं फोनवर कुणी सांगतं का? "जरा सिरीयस आहे, निघून या" एवढंच सांगायचं. ऐकणाऱ्यानं समजायचं. समजलं तरी विचारायचं नाही. घराच्या दारात पाय पडेपर्यंत दोन्ही बाजूंनी ते झाकून ठेवायचं, म्हणजे माणूस वाटेत कोसळत नाही. भावजींनीही तेच केलं. कॅम्पातल्या मॅडमला आपल्या हिंदीत सांगितलं, बुआ बहुत सिरीयस है, लडकी को भेज दो. ती मॅडम कुठल्या लांबच्या मुलखातली, तिला आपली रीत काय ठाऊक? तिनं भावजींनाच धीर दिला. घाबरू नका, हल्ली चांगले डॉक्टर असतात, आम्ही सगळ्या प्रार्थना करतो, मॅच झाली की मुलीला पाठवते. भावजी परत आले, अंगणात सगळ्यांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "ती बाई म्हणती, बऱ्या व्हतील."

तुम्ही आत पांढऱ्या कापडाखाली होतात. आणि रडणाऱ्या बायकांमध्ये कुणाला तरी हसू फुटलं, वन्सं. तुम्ही असता तर सगळ्यांत मोठ्यानं हसला असता.

पुन्हा फोन करून उघड सांगायला कुणी तयार होईना. भावजी म्हणाले, "मला न्हाई जमायचं. तो शब्द माझ्या तोंडातून निघायचा न्हाई." तुमचे भाऊ अंगणात पुढे आले. मग म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. आक्कानं तिला तिथवर नेलीय. खेळू द्या." दुसऱ्या दिवशी मॅडमनंच बूथवर फोन केला, बुआ कशी आहे म्हणून. भावजींनी तसंच आहे असं काहीतरी सांगितलं. तेव्हा कळलं की मॅडमनं सुवर्णाला निरोप दिला होता, आत्या सिरीयस आहे पण बरी होईल. पोरगी काही बोलली नाही म्हणे. मान हलवली, हातमोजे चढवले आणि ग्राउंडवर गेली. ऐकून सगळ्यांना हायसं वाटलं. मला नाही वाटलं. माझी भीती उलट वाढली आणि का वाढली ते मला सांगता येईना.

सिरीयस हा शब्द मी पहिल्यांदा तुमच्याच तोंडून ऐकला. माझे बाबा गेले तेव्हा. मी कांद्याची रोपं लावत होते, तुम्ही बांधावर येऊन म्हणालात, "वैनी, हात धू. बाबा जरा सिरीयस हायेत." पिशवी तुम्ही आधीच भरली होती. सुवर्णा तेव्हा नुकती शाळेत जायला लागलेली, तिलाही घेतलंत. आपल्या बोरीहून निघालो, मंचरला गाडी बदलली, घोडेगाव, मग पुढे भीमाशंकरच्या बाजूला माझ्या माहेराकडे. आणि वाटभर तुम्ही फुटबॉलवर बोलत होतात. माझ्याशी, जिला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

आपल्या देशाच्या तरण्या पोरांच्या टीमनं फार वर्षांपूर्वी आशियाचा कप जिंकला, पण एकट्यानं नाही, इराणबरोबर वाटून घेतला, हे तुम्हाला तुमच्या खेळाच्या कॉलेजातल्या सरांनी सांगितलं होतं. मी विचारलं, कप वाटून घेतात म्हणजे कसा, अर्धा अर्धा? तुम्ही म्हणालात, सहा महिने त्यांच्याकडं, सहा महिने आपल्याकडं. खरं होतं की तिथल्या तिथं जुळवलंत, देव जाणे. त्यानंतर तो कप आपल्याकडे आला नाही असंही सांगितलंत. पोरांची टीम जाते, हरते, परत येते, आणि पोरींची तर अजून धड टीमच उभी नाही. सुवर्णा आपल्या दोघींच्या मध्ये बसलेली. तिनं विचारलं, "मग आता कप कुणाकडं हाय, आत्या?" तुम्ही म्हणालात, "तू जाऊन बघून ये."

मला कळलं होतं, वन्सं. बांधावरच कळलं होतं, तुमच्या हातातली भरलेली पिशवी बघून. आणि मला कळलंय हे तुम्हालाही कळलं होतं. डोंगर सुरू झाला तेव्हा तुम्ही माझा हात धरलात, पण तोंड थांबवलं नाही. कॉर्नर म्हणजे काय, पेनल्टी म्हणजे काय. माहेरच्या दारात पाय ठेवला तेव्हा तुम्ही बोलायचं थांबलात आणि मी रडायला लागले. सुवर्णा तुमच्याकडे बघायची, माझ्याकडे बघायची, परत तुमच्याकडे.

त्या प्रवासाबद्दल मी तुम्हाला कधी काही बोलले नाही. काय बोलायचं असतं अशा वेळी, तेही मला माहीत नव्हतं.

मी या घरात नवीन होते तेव्हा तुम्ही सासर कायमचं सोडून परत आलात. आळीतल्या बायका म्हणाल्या, आता एका चुलीवर दोघींचं कसं जमतं बघू. तुम्ही शाळेत खेळाच्या बाई झालात, पॅन्ट घालून स्टँडवरून चालत जायचात, आणि मी अशी की रेशनच्या दुकानात नाव विचारलं तरी पदर तोंडात धरून उभी. माझं नाव तुम्हीच सांगायचात. पुढे पुढे दुकानदार मला बघितलं की म्हणायचा, यांच्या नणंदबाई कुठायत?

पहिलं भांडण आपलं एका गोष्टीवरून झालं. तुम्ही माझ्या लेकीला गोलात उभी केलीत त्यावरून.

बाकीच्या पळायच्या, हिनं नुसतं उभं राहायचं आणि सगळ्यांनी हिच्या अंगावर चेंडू मारायचे, हा कसला खेळ? मी म्हणायचे, तिला पुढं घ्या, पळू द्या तिलाही. तुम्ही म्हणायचात, "पुढं पळायला सगळ्याच मागत्यात, वैनी. चेंडू तोंडावर येताना डोळे उघडे ठेवणारी ही एकटीच हाय."

आणि ते टोमॅटो. नारायणगावच्या बाजारात भाव पडला की रानात जे पिकून मऊ झालेले उरायचे, ते तुम्ही पाटीत गोळा करायचात. बांबू आपल्याच टोमॅटोच्या बांधणीतले, दोन रोवले की गोल झाला. जाळी मी शिवून दिली होती, कांद्याच्या जाळीच्या गोण्या उसवून. सुवर्णाला तिथं उभी करून तुम्ही टोमॅटो फेकायचात. फुटला तर गोल, न फुटता हातात राहिला तर वाचला. पहिल्या दिवशी ती घरी आली ती छातीपासून लाल. मी रक्त समजून ओरडले, शेजारची माणसं गोळा झाली. तुम्ही दोघी हसत सुटलात आणि मी पदरानं तिचं अंग पुसत उभी. पुढे बरेच दिवस मी ते लाल फ्रॉक धूत राहिले. मग डाग कमी व्हायला लागले. एक दिवस फ्रॉक कोरा आला. खेळातलं मला कळत नाही, पण धुण्यातलं कळतं. त्या दिवशी मला समजलं की पोरीला येतंय, आणि आता ही घरात राहत नाही.

जिल्ह्याची झाली, राज्याची झाली. मग एकदा देशाच्या मुलींच्या टीममध्ये घेतली. एकोणीस वर्षांच्या आतल्या पोरींची टीम. तुम्ही पेढे वाटलेत, मी आत जाऊन बसले. बाहेरदेशी गेल्या आणि हरल्या. नुसत्या हरल्या नाहीत. भावजींनी बूथवर फोनवरून गोल विचारून घेतले, ते मोजताना माझ्या हाताची बोटं संपली. आणि त्या प्रत्येक गोलाला माझी पोरगी उभी होती.

भावजी गमतीखोर माणूस. चार माणसांत म्हणाले, "सुवर्णाच्या आईनं शिवलेली जाळी हितंच ऱ्हायली वाटतं, तिकडं सगळं आरपार गेलं." माणसं हसली. मी पदर ओढून घेतला. तुम्ही गाडीच्या मागच्या कॅरियरवरचा चेंडू काढलात आणि शांतपणे म्हणालात, "दत्ता, हितं उभा ऱ्हा. एक मारते. डोळे न मिटता घे." सगळे बघत होते, म्हणून त्यांना उभं राहावं लागलं. तुम्ही मारलात. भावजी डोकं धरून खाली बसले आणि चेंडू बूथच्या पाटीवर आदळला. पाटी अजून वाकडी आहे. तेव्हापासून सुवर्णाच्या मॅचची बातमी आली की भावजी आधी तुमच्याकडे बघायचे, मग तोंड उघडायचे.

त्या रात्रीच्या जेवणाला मी तुम्हाला विचारलं होतं. त्या चीन-जपानकडच्या पोरी वर्षभर खेळतात, चांगलंचुंगलं खातात, आपल्या पोरी कॅम्पात जाऊन एकमेकींची नावं पाठ करेपर्यंत मॅच येते, हे तुम्हीच सांगता. मग हरणार हे माहीत असताना पाठवायचं कशाला? तुम्ही भाकरी मोडत म्हणालात, "सांगते. निवांत सांगते." पण निवांत अशी वेळ आपल्याला मिळाली नाही. पुढच्या खेपेला टीमनं कमी गोल खाल्ले. तुम्ही एक हात वर करून दाखवलात, एका हाताच्या बोटांत बसले, दुसरा लागला नाही. सणासारखा चेहरा होता तुमचा. मी म्हटलं, हरल्याच ना? तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि हात खाली घेतलात. तो खाली गेलेला हात मला अजून टोचतो.

बिबट्याचं लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण लिहिते. त्या वर्षी सगळीकडून बातम्या येत होत्या, संध्याकाळ झाली की लोक पोरं घरात ओढून दार लावायचे. तुम्ही पोरींना घेऊन जायचं थांबवलं नाहीत, नुसती शिट्टी जास्त वाजवायला लागलात. आणि थंडीच्या दिवसांत एका सकाळी शिट्टी मध्येच बंद पडली. मी वाट बघितली. परत वाजेल, आता वाजेल. वाजली नाही. चुलीतलं जळतं लाकूड ओढून मी पळाले. ऊस दोन्हीकडून अंगाला लागत होता, दंवानं लुगडं भिजलं. वळणावर तुम्ही सगळ्या उभ्या होतात, हात वर करून. पुढे बांधावर तो बसला होता, मांजरासारखा. शिट्टी तुमच्या तोंडातून सुटून छातीवर लोंबत होती. तुम्ही अगदी हळू बोलत होतात, "बसू नका. वाकू नका. हात वर. मोठ्या दिसा." आणि सगळ्यांच्या पुढे माझी सुवर्णा, हात पसरून, गोलात उभी राहते तशी.

तो उठला आणि उसात गेला. पान हललं नाही. मग तुम्ही मागे वळून मला बघितलंत. माझ्या हातातलं लाकूड दंवानं केव्हाच विझलेलं. तुम्ही म्हणालात, "वैनी, इझल्या लाकडानं वाघ मारायला आली व्हय?" पोरी हसल्या, रडत रडत हसल्या. मला हसू आलं नाही. मी घरी येऊन सांगितलं, आता माझी पोरगी त्या वाटेनं जाणार नाही. आपण बोलणं बंद केलं, पोरगी मात्र तुमच्या मागून जात राहिली.

मग एके दिवशी तुम्ही ती शिट्टी माझ्या गळ्यात घातलीत. म्हणालात, "भीती तुला हाय ना? मग तूच वाजवत पुढं चाल. भिणाऱ्या माणसाची शिट्टी जोरात वाजती." मी म्हटलं, बाईमाणसानं शिट्टी वाजवायची? तुम्ही म्हणालात, "मग मी कोण हाय?" मी शिट्टी काढून खुंटीला लावली, सकाळी तुम्हीच ती परत गळ्यात घातलीत. त्यावर तुम्ही पुढे कितीदा म्हणालात, एकदा वाजवून तर बघ. मॅचच्या आधी सुवर्णाचा फोन आला की तुम्ही बूथवर जाऊन फोनमध्येच शिट्टी मारायचात, भावजी कानावर हात ठेवून बाहेर पळायचे, आणि परतताना तुम्ही मला म्हणायचात, पुढल्या येळेला तू वाजीव. मी मान हलवायचे. मला पोरीशी फोनवर बोलायलाच जमायचं नाही. चार माणसं ऐकत असतात.

आज ते बोलायचं आहे. उद्या तिची मॅच आहे. यंदा त्या बाहेरच्या टीम आपल्याच देशात खेळायला आल्यात. मी ठरवलंय की आत्या झोपल्यात असं सांगायचं. पण माझा आवाज, वन्सं? माझ्या आवाजातच तिला सगळं सापडेल. आणि उद्या चेंडू येताना तिनं डोळे मिटले तर? इतक्या जोरात येतो तो. तोंडावर बसला तर? किंवा मी चांगलं खोटं बोलले आणि ती हसत हसत परत आली, दारातून आत्या म्हणून हाक मारत आली तर? यातलं कमी वाईट कुठलं, तेच मला कळत नाही. तुमच्या भावांनी हाक मारली. जाते.

*

वन्सं, फोन येऊन गेला. काल घरी आल्यावर लिहिवलं नाही, आज लिहिते.

आम्ही दोघं गेलो. तुमचे भाऊ बाहेर बाकावर बसले, तिथं आणखी तीन-चार माणसं होती. भावजींनी मला आत स्टुलावर बसवलं आणि रेडिओ बंद केला. फोन वाजला तेव्हा मी दचकून उभी राहिले. भावजींनी उचलून माझ्या हातात दिला.

"आई?"

मी हं म्हटलं. आत्या झोपल्यात हे शब्द तोंडात तयार ठेवले होते. पण तिनं विचारलंच नाही. ती बोलायला लागली. इथं तिन्ही त्रिकाळ भात असतो. खोलीतली एक पोरगी ईशान्येकडची, ती भाकरीसारखी मिरची खाते. ग्राउंड असं सपाट की आपल्या घरातली जमीन तेवढी सपाट नाही. समोरच्या टीमची पुढे खेळणारी पोरगी उंच आहे पण डाव्या पायानं मारत नाही. मला एक शब्द मध्ये घालता येईना. मग म्हणाली, आत्यानं सांगितलं होतं ना, इराणबरोबर कप वाटून घेतला ते, मी इथल्या सरांना विचारलं, खरं आहे आई. फक्त सहा-सहा महिन्यांचं त्यांनाही माहीत नाही. असं म्हणून हसली, आणि परत सुरू. कॉर्नर कसा अडवायचा. पेनल्टीला कुठं बघायचं.

मी फोन कानाला लावून उभी, आणि एकदम मला ती मंचरची गाडी आठवली. तोच आवाज. श्वास न घेता, थांबलं तर काहीतरी सांडेल असा. तुम्ही मला माझ्या बाबांच्या दारापर्यंत नेलंत तशी ती मला नेत होती.

तिला ठाऊक होतं, वन्सं. त्या मॅडमला आपली रीत माहीत नव्हती, पण निरोप तर तिनं जसाच्या तसा पोचवला. सिरीयस म्हणजे काय हे बोरीच्या पोरीला कुणी समजावून सांगायला लागत नाही. मॅडमनं सांगितलं त्याच क्षणी तिला कळलं होतं, आणि तिनं मान हलवून हातमोजे घातले. आम्ही इथं तिच्यापासून झाकत होतो आणि ती तिथं एकटी आमच्यापासून झाकत होती.

मी परत स्टुलावर बसले. माझं बसणंही तिला ऐकू गेलं असावं, कारण ती बोलायची थांबली. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "आई, शिट्टी कुठाय?"

"माझ्याकडं."

"वाजीव."

मी काचेतून बाहेर बघितलं. म्हटलं, "लोक हायेत गं इथं."

"असू दे. मॅचच्या आधी वाजवायची असती. वाजीव ना, आई."

मी पिशवीतून काढली. तोंडात धरली तर आधी नुसती फुंकर गेली, थुंकी आली. बाकावरची माणसं बघायला लागली. मी डोळे मिटले. मग म्हटलं नाही, उघडे ठेवायचे, आणि वाजवली. एवढा आवाज माझ्या छातीत होता हे मला माहीत नव्हतं. बाहेरचं कुत्रं उठून पळालं. भावजींनी या वेळी कान झाकले नाहीत, टॉवेल डोळ्याला लावला. तुमचे भाऊ उभे राहिले. मी थांबले नाही, श्वास संपेपर्यंत वाजवत राहिले.

मग ती रडली. तुम्ही गेल्यावर पहिल्यांदाच रडत असावी. मीही. दोघी नुसत्या रडलो आणि भावजींनी घड्याळाकडे बघितलं नाही. शेवटी नाक ओढत म्हणाली, "आई, जरा हळू ना. कान गेला माझा."

मी म्हटलं, "उद्या डोळे उघडे ठिव."

"ठिवते," म्हणाली. मग म्हणाली, "आणि तू सकाळी त्या पोरींना घिऊन जा. त्या वाट बघत असतील."

तेवढ्यात फोन तुटला.

वाट बघत होत्या, वन्सं. आज सकाळी दार उघडलं तर तुमच्या शाळेच्या पोरी उसाच्या तोंडाशी उभ्या. तुम्ही गेल्यापासून रोज येत होत्या म्हणे, पुढे जायचं धाडस नाही, थोडा वेळ थांबायच्या आणि परत जायच्या. मी घरात कान देऊन बसायचे आणि त्या बाहेर उभ्या असायच्या. मी चुलीवर आधण ठेवलं, तुमचे भाऊ अजून पांघरुणात होते, आणि बाहेर आले. मला बघून त्या बाजूला झाल्या.

मी घाबरले होते. ऊस हलला की पाय जागच्या जागी थांबायचे, तोंड कोरडं पडायचं आणि कोरड्या तोंडानं शिट्टी नीट वाजत नाही, हे मला आजच कळलं. वळणावर तर पुढे जाववेना. मागून एक लहानगी म्हणाली, "मामी, वाजवा ना." वाजवली. वळण गेलं. नदीकडच्या रानात पोचलो तर बांबू होते तसे उभे, माझी जाळी एका बाजूनं सुटलेली. ती बांधून दिली. पोरी खेळल्या. मी बांधावर उभी राहिले आणि सगळा वेळ उसाकडे बघत राहिले, चेंडूकडे एकदाही बघितलं नाही. परत येतानाही वाजवत आले.

मॅच दुपारी आहे. हरतीलच बहुतेक. गोल किती ते भावजी संध्याकाळी सांगतील, आणि या वेळी सांगायच्या आधी ते कुणाकडे बघतील कोण जाणे. हरणार तर पाठवायचं कशाला, हे तुम्ही निवांत सांगणार होतात ते राहिलंच. मी ते स्वतःशी लावून बघते आहे, अजून पुरतं लागत नाही.

घरी आले तेव्हा तुमचे भाऊ चुलीपुढे उकिडवे बसले होते. मला वाटलं, आधण आटलं असेल. त्यांनी वर न बघता कपात चहा ओतला आणि म्हणाले, "मागल्या वळणावर वाजली तवाच टाकली पत्ती."